आग खाते, तलवार खाते: बायबलच्या हिब्रूतलं ‘खाणं’

सासऱ्याची मेंढरं चारत मोशे होरेब डोंगरापाशी येतो आणि त्याला एक पेटलेलं झुडूप दिसतं. झुडूप धडधडतंय, पण संपत नाही. ही गोष्ट बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते: ‘झुडूप जळत होतं, पण जळून खाक होत नव्हतं.’ मूळ हिब्रू वाक्यात मात्र खाक, राख असलं काही नाही. तिथे शब्द आहे ‘उक्काल’, म्हणजे खाल्लं गेलेलं. झुडूप आगीने पेटलं होतं आणि तरी खाल्लं जात नव्हतं. आगीच्या तोंडात घास आहे आणि आग तो गिळत नाही, हा काय प्रकार आहे ते पाहायला मोशे वाट सोडून तिकडे वळतो.

‘उक्काल’चं मूळ क्रियापद ‘अखल’, म्हणजे खाणे. अलेफ, काफ आणि लामेद ही त्याची तीन अक्षरं. (यातला ख उर्दूवाले ‘खबर’ म्हणताना काढतात तसा घशातून काढायचा.) अरबीतलं ‘अकल’ आणि प्राचीन बाबेलच्या (बॅबिलोनच्या) अक्कादी भाषेतलं ‘अकालू’ ही त्याची भावंडं. हिब्रू बायबलमध्ये, म्हणजे ज्यू ज्याला तनाख म्हणतात आणि ख्रिस्ती लोक जुना करार, त्यात हे क्रियापद सुमारे 800 वेळा येतं. माणसं, मेंढरं, टोळ खातात हे ओघानेच आलं. पण तिथे आगही खाते, तलवार खाते, रान माणसांना खातं, जमीन आपल्याच रहिवाशांना खाते. याकोब सासऱ्यापुढे वीस वर्षांच्या चाकरीचं गाऱ्हाणं मांडतो तेव्हा म्हणतो, दिवसा मला उन्हाने खाल्लं आणि रात्री थंडीने.

मराठी माणसाला यात फारसं अडखळायला होत नाही. आपल्याकडे गंज लोखंड खातो, जुनी गाडी पेट्रोल खाते, कारकून पैसे खातो आणि शेजारी डोकं. इंग्रजीवरून हिब्रू वाचणाऱ्याची मात्र पंचाईत होते. त्याच्या भाषांतरात माणसाच्या खाण्याला एक शब्द, आगीच्या खाण्याला दुसरा, तलवारीच्या खाण्याला तिसरा. मूळ लेखकाने एका दोऱ्यात ओवलेले मणी सुटे होऊन घरंगळतात. मराठी बायबलं वाचतानाही हा अनुभव येतो. ‘तुझा देव खाणारी आग आहे’ असं मूळ वाक्य ‘भस्म करणारा अग्नी’ असं भारदस्त होऊन बसतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून स्वतः बायबल मराठीत आणायला बसल्या, त्यामागे साध्या बायाबापड्यांना कळेल अशी भाषा हवी हाच हट्ट होता. 1922 साली त्या गेल्या आणि 1924 साली ते भाषांतर छापून आलं.

एकच क्रियापद धरून ठेवलं तर काय हाती लागतं, त्याचा सगळ्यात छोटा नमुना यशयाच्या पहिल्याच अध्यायात आहे. संदेष्टा म्हणतो: ऐकाल तर जमिनीचं उत्तम ते ‘तोखेलू’, नाही ऐकलंत तर तलवारीकडून ‘तेउक्केलू’. पहिलं म्हणजे खाल, दुसरं म्हणजे खाल्ले जाल. अक्षरं तीच, नुसते स्वर हलले आणि जेवणाऱ्याचा घास झाला. हिब्रूत मुळाची व्यंजनं कायम ठेवून स्वर बदलले की कर्तरीचा कर्मणी होतो, आणि त्या काळी लिहीत होते ते मुख्यतः व्यंजनंच. म्हणजे कागदावर (खरं तर चामड्यावर) या दोन नशिबांत फरक नव्हता, तो वाचणाऱ्याच्या तोंडात होता.

आता तलवारीकडे येऊ, कारण तिथे हे क्रियापद सगळ्यात जास्त रंगतं. हिब्रूत तलवारीला धार नसते, तोंड असतं. ‘लेफी खेरेव्ह’, म्हणजे तलवारीच्या तोंडाने, हा वाक्प्रचार युद्धाच्या हकिकतींत पानोपानी भेटतो. यरीहो पडलं तेव्हा नगरातलं सगळं तलवारीच्या तोंडी दिलं गेलं. एहूद नावाचा डावखुरा मवाबच्या राजाला भोसकायला जी तलवार लपवून नेतो तिला ‘दोन तोंडं’ होती, आपण दुधारी म्हणू. आणि अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला डोंगरावर घेऊन जातो तेव्हा त्याच्या हातातल्या सुऱ्यासाठी वापरलेला शब्द आहे ‘मआखेलेत’. त्यातही तीच तीन अक्षरं आहेत. तो खाण्याच्या कामाचा सुरा, मांस कापायचा. बाप मुलाला घेऊन निघाला आहे आणि त्याच्या हातातल्या वस्तूच्या नावात खाणं आहे. तो शब्द वाचून मी एकदा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

तलवार आणि ताट यांची सगळ्यात घट्ट गाठ बसते दावीद राजाच्या गोष्टीत, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 11 आणि 12 या अध्यायांत. हकिकत थोडक्यात अशी. सैन्य अम्मोनी लोकांच्या राब्बा शहराला वेढा घालून बसलंय आणि राजा घरी आहे. उरीया हा त्याचा शिपाई आघाडीवर असताना राजा त्याच्या बायकोला, बथशेबाला, बोलावून घेतो. तिला दिवस जातात. आता प्रकरण झाकायचं तर उरीयाने एक रात्र तरी घरी काढायला हवी. राजा त्याला युद्धावरून बोलावतो आणि सांगतो, घरी जा, आराम कर. उरीया जात नाही. तो म्हणतो, माझे सोबती उघड्या रानात पडलेत, आणि मी घरी जाऊन ‘खाऊ, पिऊ आणि बायकोपाशी निजू?’

ही तीन क्रियापदं लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी राजा त्याला स्वतःपुढे बसवून खाऊपिऊ घालतो, दारू पाजतो. तरी तो घरी जात नाही. मग राजा त्याच्याच हाती त्याच्या मरणाचं पत्र देऊन त्याला परत धाडतो. उरीया मरतो. निरोप घेऊन आलेल्या जासुदाला दावीद म्हणतो, सेनापतीला सांग, वाईट वाटून घेऊ नकोस, ‘तलवार कधी याला खाते, कधी त्याला’. ऐकायला हे शिपाईगड्याचं शहाणपण वाटतं. प्रत्यक्षात कुणाला खायचं हे तलवारीला राजानेच सांगितलं होतं.

पुढच्या अध्यायात नाथान संदेष्टा येतो आणि राजाला एक गोष्ट सांगतो. एका गरिबाकडे एकच कोकरी होती. ती त्याच्या घासातलं ‘खाई’, त्याच्या पेल्यातलं ‘पिई’, त्याच्या कुशीत ‘निजे’, त्याला लेकीसारखी होती. शेजारच्या श्रीमंताकडे पाहुणा आला. श्रीमंताने स्वतःची मेंढरं राखली आणि गरिबाची कोकरी कापून पाहुण्याला जेवू घातलं. दावीद भडकतो: असल्या माणसाला मारलंच पाहिजे! नाथान म्हणतो, तो माणूस तूच.

खाणे, पिणे, निजणे. उरीयाने नाकारलेली तीन क्रियापदं, त्याच क्रमाने, कोकरीच्या तोंडी. आणि ‘लेकीसारखी’मधला लेक हा शब्द हिब्रूत ‘बत’ आहे, बथशेबाच्या नावाचा पहिला भाग. नाथान गोष्ट सांगतोय पण नाव जवळजवळ घेऊनच चुकलाय, आणि राजाला ऐकू येत नाही. पुढे नाथान बजावतो की तुझ्या घरातून तलवार आता हलणार नाही. ती हलत नाहीच. मुलगा अबशालोम बापाविरुद्ध उठतो, एफ्राइमाच्या रानात लढाई होते, आणि लिहिणारा नोंदवतो की त्या दिवशी तलवारीने जितकी माणसं खाल्ली त्याहून जास्त रानाने खाल्ली. खुद्द अबशालोम झाडात डोकं अडकून लटकतो.

एवढं वाचल्यावर एदेन बागेची गोष्ट वेगळी दिसायला लागते. तिथे माणसाशी देवाचं पहिलं बोलणंच खाण्याबद्दल आहे. बागेतल्या सगळ्या झाडांचं ‘अखोल तोखेल’. हिब्रूत जोर द्यायचा तर क्रियापद दोनदा म्हणतात, ‘खाणं खा’, खुशाल पोटभर खा. फक्त त्या एका झाडाचं खाऊ नको, खाशील त्या दिवशी ‘मोत तामूत’, मरणं मरशील. परवानगी आणि शिक्षा एकाच साच्यात ओतलेल्या. मुलांच्या पुस्तकांत नुसती मनाई उरते आणि आधीची भरघोस ‘खाणं खा’ गळून जाते. सापानेही नेमकं तेच केलं होतं. तो बाईला विचारतो, ‘कुठल्याच झाडाचं खाऊ नका असं खरंच म्हणाला का देव?’

मग जे होतं ते एका दमात: तिने फळ घेतलं, खाल्लं, नवऱ्यालाही दिलं, त्याने खाल्लं. पुढे जाब विचारल्यावर दोघांचीही उत्तरं एकाच शब्दाने संपतात, ‘वाओखेल’, आणि मी खाल्लं. आधीचं सगळं दुसऱ्यावर ढकलून झालेलं असतं. शिक्षाही खाण्याच्याच भाषेत मिळते. सापाने धूळ खायची, माणसाने घाम गाळून भाकर खायची.

भाकर. हिब्रूत ‘लेखेम’, बेथलेहेमातलं लेहेम तेच, ‘भाकरीचं घर’. अरबीत याच अक्षरांच्या ‘लहम’चा अर्थ मांस. म्हणजे ज्याचं जे मुख्य खाणं त्याला तो शब्द चिकटला. ‘लेखेम खाणे’ म्हणजे जेवणे, जसं आपण ‘पोटापाण्याची भाकरी’ म्हणताना फक्त ज्वारीबद्दल बोलत नसतो. आणि लेखेम कुणाबरोबर खाता, यावर तुम्ही कुणाचे ते ठरतं. इसहाक आणि गराराचा राजा अबीमलेख यांचं विहिरींवरून वाजलेलं असतं. समेट होतो तेव्हा आधी जेवण आणि सकाळी शपथा. याकोब आणि लाबान दगडांची रास रचतात आणि तिच्यापाशी जेवतात. मोशेबरोबर डोंगरावर गेलेल्या 70 वडीलधाऱ्यांबद्दलचं वाक्य तर बायबलमधल्या सर्वांत धीट वाक्यांपैकी आहे: त्यांनी देवाला पाहिलं आणि खाल्लं, प्यालं. बस्स, पुढे काही खुलासा नाही.

याच्या उलटची बाजूही तितकीच ठसठशीत आहे. योसेफाचे भाऊ त्याला कोरड्या खड्ड्यात ढकलतात आणि लगेच पुढचं वाक्य येतं: ‘मग ते भाकर खायला बसले.’ त्या वाक्यात भावांना एकही शिवी नाही, तिची गरजही नाही. खूप वर्षांनी मिसरात तेच भाऊ ओळख न पटलेल्या योसेफाकडे जेवतात, तेव्हा तिथे तीन वेगळी ताटं मांडलेली असतात: योसेफाची वेगळी, भावांची वेगळी, मिसरी लोकांची वेगळी, कारण मिसरी माणसाला हिब्रू माणसाबरोबर जेवणं किळसवाणं वाटे. पंक्तिभेद काय असतो हे मराठी वाचकाला तळटीप देऊन सांगायला नको. योसेफाच्याच गोष्टीत धनी पोटीफर त्याच्यावर सगळं घर सोपवतो, ‘स्वतः खात असलेल्या भाकरीखेरीज’. फ्रान्समधला 11व्या शतकातला ज्यू भाष्यकार राशी म्हणतो, ही भाकर म्हणजे त्याची बायको, लेखकाने सभ्यपणे सांगितलंय. नीतिसूत्रांतली एक बाई तर खाते, तोंड पुसते आणि म्हणते, मी काही वाईट केलं नाही. तिने काय खाल्लं ते सुज्ञांस सांगणे न लगे.

मिठाबद्दल एकच उदाहरण देतो, पण ते फार आवडतं आहे. एज्राच्या पुस्तकात यरुशलेमच्या ज्यूंविरुद्ध इराणी सम्राटाला लिहिलेला एक अरामी भाषेतला अर्ज आहे. अर्जदार म्हणतात, आम्ही राजवाड्याचं मीठ खाल्लेलं आहे, राजाचा अपमान होताना पाहणं आम्हांला शोभत नाही, म्हणून कळवतोय. खाल्ल्या मिठाला जागणं हे अर्धी दुनिया ओलांडून जसंच्या तसं! चुगली करतानाही मिठाचाच हवाला.

देवाच्या खाण्याचं काय? वेदीवरच्या बळीला लेवीयच्या पुस्तकात सरळ ‘देवाचं लेखेम’ म्हटलंय आणि परमेश्वराकडून आग निघून तो बळी खाते. पण 50व्या स्तोत्रात हाच देव फटकारतो: मला भूक लागली तर तुला सांगेन होय? मी काय बैलांचं मांस खातो? दोन्ही वाक्यं एकाच ग्रंथात सुखाने नांदतात. नैवेद्य दाखवून तो स्वतःच खाणाऱ्या समाजात वाढलेल्या माणसाला याचं फार नवल वाटू नये.

खाण्यापिण्याच्या नियमांवर खूप लिहिलं जातं, म्हणून इथे घाईने पुढे जातो. ‘कोशेर’ हा शब्द तोरात, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, अन्नासाठी येतच नाही, तिथे शुद्ध आणि अशुद्ध असे दुसरे शब्द आहेत. माणसाला मांस खायची मुभा जलप्रलयानंतर मिळते, त्याआधी सगळ्यांना शाकाहारच. मुभेला अट एकच: रक्त खायचं नाही, ते पाण्यासारखं मातीत ओतायचं, कारण रक्त म्हणजे ‘नेफेश’. याचं ‘आत्मा’ असं भाषांतर वाचलं की मला चुटपुट लागते. नेफेशला भूक लागते, तो धापा टाकतो, अन्नाला विटतो, आणि अधोलोक माणसांना गिळायला आपला नेफेश रुंद करतो. कित्येक ठिकाणी त्याचा अर्थ चक्क घसा असा होतो. आपला ‘जीव’ त्याला बराच जवळचा: जीव भुकेजतो, कासावीस होतो, घशाशीही येतो.

हे नियम किती चिवट असतात याचा दाखला आपल्या कोकणात आहे. मराठी बोलणारे बेने इस्रायल ज्यू शतकानुशतकं बाकीच्या ज्यू जगापासून तुटलेले होते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. हिब्रू ग्रंथ हाती नव्हते, तरी खाण्यापिण्याची बंधनं टिकली, आणि कित्येक सणांची मूळ नावं विसरून मराठी नावं पडली ती ताटावरून. यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास झाला ‘बिरड्याचा सण’, कारण तो सोडताना वालाचं बिरडं. ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्यातला आणखी एक ‘खिरीचा सण’.

चवीकडे वळायचं तर हिब्रूत ती ‘तआम’. तोच शब्द तारतम्यालाही लागतो. दावीद शत्रूच्या दरबारात वेड्याचं सोंग घेतो तेव्हा त्याने ‘तआम बदलला’ असं वाक्य आहे, लाळ दाढीवर गळू दिली वगैरे. आणि राजाच्या हुकमालाही तआमच म्हणतात. योनाच्या पुस्तकात यावर एक नामी खेळ आहे. निनवेचा राजा घाबरून फर्मान काढतो: राजाच्या ‘तआम’वरून माणसाने, जनावराने, गाईगुरांनी, मेंढरांनी काहीही ‘यितअमू’ नये. म्हणजे राजाची चव अशी की कुणी काही चाखायचं नाही! मेंढरांनाही उपास. हे पुस्तक गंभीर चेहऱ्याने विनोद करतं असं मला नेहमी वाटत आलंय, आणि हे वाक्य माझा मुख्य साक्षीदार.

शब्दसुद्धा खाल्ले जातात. यिर्मया संदेष्टा देवाला म्हणतो, तुझे शब्द सापडले आणि मी ते खाल्ले. यहेज्केल संदेष्ट्याला तर खरीखुरी गुंडाळी हातात मिळते, दोन्ही बाजूंनी विलाप लिहिलेली, आणि आज्ञा होते की ही खा, पोटात भर. तो खातो आणि ती तोंडात मधासारखी गोड लागते. आपण ‘पचनी पडणं’ म्हणतो त्याच्या बरंच आधीची पायरी त्याने गाठलेली आहे.

शेवटी पुन्हा दावीदाच्या ताटाकडे. राज्य स्थिर झाल्यावर दावीदाने आधीचा राजा शौल याचा नातू, म्हणजे आपला मित्र योनाथान याचा मुलगा, मफीबोशेथ याला शोधून आणलं. तो दोन्ही पायांनी लंगडा. ‘तू नेहमी माझ्या मेजावर भाकर खाशील’, असं दावीद त्याला सांगतो. मित्राच्या मुलावरची माया म्हणा किंवा जुन्या राजघराण्याच्या वारसाला डोळ्यांपुढे ठेवणं म्हणा, मजकुरात दोन्हींना जागा आहे. त्या वाक्यात तीन शब्द आहेत: अखल, लेखेम आणि ‘तामीद’, म्हणजे नेहमी.

राजांचं दुसरं पुस्तक संपतं तोवर यरुशलेम जळून गेलेलं असतं. दावीदाच्या वंशातला यहोयाखीन तीन महिने राज्य करून इ.स.पू. 597 मध्ये बाबेलला कैदी म्हणून गेलेला असतो. बंदिवासाच्या 37व्या वर्षी नवा राजा अवील-मरोदख त्याला तुरुंगातून काढतो, त्याचे कपडे बदलतो, आणि तो बाबेलच्या राजासमोर आयुष्यभर भाकर खातो. पुन्हा तेच तीन शब्द: अखल, लेखेम, तामीद. त्याला रोजचा शिधा बांधून दिला जातो, आणि पुस्तक तिथेच थांबतं.

शिध्याची गोष्ट नुसती पोथीतली नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन उत्खननकारांना बाबेलच्या राजवाड्यात मातीच्या पाट्या सापडल्या, कोठारातून कुणाला काय दिलं त्याच्या नोंदी. 1939 साली त्यांचं वाचन प्रसिद्ध झालं. त्यात ‘याहूद देशाचा राजा याउकीनू’ हे नाव आहे, त्याच्या पाच मुलांचा उल्लेख आहे. नोंद आहे तेलाची.